विहिरीत पाणी किती लिटर, कसं मोजायचं?

रानवारा: वस्तीवरची विहीर गोल, बांधीव. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकायचंय, पण कोणी म्हणतं वीस हजार लिटर, कोणी लाख. धड कसं मोजू?

जुना जलसुरक्षक: टेपने आतला व्यास घ्या, कठड्याची जाडी सोडून. दोराला दगड बांधून तळाला टेकवा, वर काढून भिजलेला भाग मोजा; तीच पाण्याची खोली. सगळं मीटरमध्येच, फूट मिसळलेत की घोळ. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 0.785 केलं की घनमीटर. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. समजा व्यास 4, खोली 3, तर 37.68 घनमीटर, धरा 37,700 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे 94 ग्रॅम. आमच्याकडे मूठभर फेकून मोकळे होतात, ते सोडाच!

रानवारा: तळाला गाळ आहे हो, दगड रुततो.

जुना जलसुरक्षक: मग फरशीचा चपटा तुकडा बांधा. गाळ धरायचा नाही.

शेवंता: आमचा आड चौकोनी आहे.

जुना जलसुरक्षक: सोपंय ताई, लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. पावडर बादलीत कालवा, चुना बसू द्या, वरची निवळीच सोडा. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, घ्या.