कमी दाब म्हणे वरदान! परवाच्या पोस्टला उत्तर

सीनाकाठी: परवा एका गृहस्थानं इथं लिहिलं की बंगालच्या उपसागरातले कमी दाब म्हणजे मराठवाड्याला वरदान, धरणं तुडुंब झाली, दुष्काळाचं रडगाणं संपलं, आता पुराचं नवं काढू नका. धडाधड लाइकही पडले. मी परंडा तालुक्यातला. २०२५च्या सप्टेंबरात आमच्याकडं हेलिकॉप्टरनं माणसं उचलावी लागली. रात्री गोठ्यात पाणी शिरलं तेव्हा दावी कापायला अंधारात इळा घावंना. चार म्हशींपैकी दोन सुटल्या. पाणी ओसरल्यावर बघतो तर सोयाबीन सोडा, रानात मातीच नाही. नुसता मुरूम. बापजाद्यांची माती एका रात्रीत सीनेतून भीमेला गेली. ह्याला वरदान म्हणायचं?

लातूरकरीण: दादा, तुमचं दुःख मान्य. पण ती पोस्ट अगदीच खोटी नाही. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्याच गावात. टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं. मी अकरावीला होते, रात्री दोनला घागरी घेऊन नंबर लावायचो. २०२१ला 'गुलाब' वादळाचं उरलंसुरलं इकडं सरकलं आणि मांजरा धरणाचे १८च्या १८ दरवाजे उघडले. आम्ही अख्खं घर धनेगावला बघायला गेलो. आई रडली हो तिथं.

सीनाकाठी: वा! दरवाजे बघायला गेलात. ते पाणी खाली कुणाच्या उसात शिरलं, तेही बघून यायचं होतं.

लातूरकरीण: म्हणजे आम्ही तहानेनं मरायचं का? बोलताना जरा भान ठेवा.

ढगवेडा: दोघंही दमानं घ्या. दोष कमी दाबाचा नाही. आपण पर्जन्यछायेत, पश्चिमेचा पाऊस सह्याद्री अडवतो, मग ऑगस्ट-सप्टेंबरात पूर्वेकडून येणाऱ्या ह्याच प्रणाल्यांवर आपली भिस्त. केंद्र विदर्भ-तेलंगणावर असतं, पण जोराचा पाऊस बहुतेकदा त्याच्या नैर्ऋत्येला, म्हणजे आपल्या डोक्यावर. आणि नुसत्या वाऱ्याच्या वेगावर जाऊ नका. ताशी ३१ किमीच्या पुढं गेला की डिप्रेशन म्हणतात, पण साधा कमी दाबही रेंगाळला की वाट लावतो. २०२५च्या २७ सप्टेंबरचं डिप्रेशन ओडिशात किनाऱ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं. इशारा होता की आधी.

नांदेडी_भौ: इशारा जिल्ह्याला असतोय हो, वढ्याला नसतोय! त्याच सालच्या ऑगस्टात मुखेडला लेंडी धरणाचं पाणी हसनाळ, रावणगावात घुसलं. झोपेतली माणसं गेली. तुमचा नकाशा काय कामाचा? आन् पाऊस मोजायलेत कुठं? महसूल मंडळाच्या गावाला. आमचं गाव तिथून अकरा किलोमीटर. आमची नाली नदी झालती, पर्जन्यमापकात पडला ५२ मिमी. ६५ च्या खाली म्हणून अतिवृष्टी नाही!

अप्पा (निवृत्त तलाठी): भौ, ६५ मिमीचा आकडा तलाठ्यानं ठरवलेला नाही. ३१ वर्षं नोकरी केली, गुडघाभर चिखलातनं पंचनामे केले. शिव्या मात्र आम्हालाच.

नांदेडी_भौ: चिखलातनं? आमच्याकडं पारावर बसूनच झाले की पंचनामे, चहासहित.

अप्पा (निवृत्त तलाठी): ज्यानं केले त्याला विचारा. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मापकाभोवती बाभळी वाढल्यात, पाऊस कमीच भरतो, असं मी लेखी कळवलेलं आहे. दोनदा.

नांदेडी_भौ: मग पुढं काय झालं?

अप्पा (निवृत्त तलाठी): बाभळी अजून आहेत.

ढगवेडा: मूळ विषय कमी दाबाचा होता...

नांदेडी_भौ: हाच मूळ विषय हाय. २०२५ला पीकविम्यातनंबी स्थानिक आपत्ती, म्हंजे एकेकाच्या रानातल्या नुकसानीची भरपाई, काढली. राहिला नुसता पीककापणी प्रयोग, नमुन्याचं रान कापून उतारा मोजायचा. कोंब फुटलेल्या सोयाबीनची काय कापणी करायलाव?

ढगवेडा: बरं, मापकांचं पटलं. गावोगावी हवीत. खुश?

लातूरकरीण: सीनाकाठी दादा, खालच्या उसाचं तेव्हा खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण घागरीचं मी मागं घेणार नाही.

सीनाकाठी: घेऊ नका. मी पण जास्त बोललो. दोन म्हशींचं डोक्यात बसलंय. एक बाभळीत अडकलेली सापडली, तिचा पंचनामा झाला. दुसरी पार वाहून गेली, तर म्हणायलेत शवविच्छेदनाचा दाखला आणा. अप्पा, कुठून आणू?

अप्पा (निवृत्त तलाठी): पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन अर्ज द्या. मी असतो तर घेतला असता. घेत नाहीत म्हणाले तर 'घेत नाही' असं लेखी मागा.