कॅनार्ड हातातून सुटताच नाक वर करून पडतं

प्रश्न (आर्वी): 5 मिमी फोम बोर्डचं रिमोटचं कॅनार्ड, म्हणजे लहान पंख पुढे अन् मोठा मागे असलेलं विमान. मागचा, म्हणजे मुख्य पंख 1000 × 200 मिमी, पुढचा 400 × 100, दोन्हींच्या पाव-कॉर्डमधलं (पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव भागावरच्या रेषांमधलं) अंतर 450. मोटर मागे. तोल (गुरुत्वमध्य) मुख्य पंखाच्या रुंदीच्या पुढून 30 टक्क्यांवर. फेकलं की नाक वर, मग आपटतं. काय करू?

उत्तर (दर्यापूर): भाऊ, गडबड तोलातच आहे. कॅनार्डमध्ये पुढचा पंखही भार उचलतो, म्हणून न्यूट्रल पॉइंट (तोल ज्याच्या पुढेच असावा लागतो तो बिंदू) पुढे सरकतो. तुमच्या मापांत तो मुख्य पंखाच्या पुढच्या कडेच्याही साधारण 20 मिमी पुढे येतो. तोल त्या कडेच्या 50 मिमी पुढे आणा. बॅटरी पार नाकात सरकवा, शिसं शेवटचा उपाय. पुढच्या पंखाचा कोन मुख्य पंखापेक्षा 2-3 अंश जास्त ठेवा. तो आधी स्टॉल झाला (त्याची उचल सुटली) की नाक आपोआप खाली येतं. मागचा आधी झाला तर सावरणं कठीण.

उत्तर (उमरेड): एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) पुढच्या पंखावर असेल तर स्टिक ओढल्यावर त्याची मागची कड खाली जायला हवी. सर्वो (ती पट्टी हलवणारी छोटी मोटर) रिव्हर्स केला का, आधी तेच पाहा. आणि प्रॉप (पंखा) मागे आहे, बोटं सांभाळा: विमान हातातून सुटल्यावरच थ्रॉटल (मोटरचा वेग) द्या.

उत्तर (पुसद): एप्रिल-मेच्या उन्हात ग्लू गनचा जोड मऊ पडतो अन् पुढच्या पंखाचा कोन हलतो. तिथं इपॉक्सीच लावा. पऱ्हाट्या उपटल्या नसतील त्या वावरात उतरवू नका, खुंट फोममध्ये सरळ घुसतो.