ड्रम किटमधील एकेका वाद्याचा आवाज वेगळा कसा कमी-जास्त करावा? सल्ला हवा

रामबागकर:
नमस्कार. इंदूरमधील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी काही भावगीते मी घरीच, रीपर या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रित करत आहे. ड्रम प्लगइनमधील (ड्रमचे आवाज देणारे जोड-सॉफ्टवेअर) हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) इतका पुढे येतो की गायिकेचे 'स' आणि 'श' त्यात बुडतात. मात्र ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला की किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) हेही त्याबरोबर खाली जातात. मिडी नोटांची (कोणते वाद्य केव्हा वाजवायचे, याच्या डिजिटल सूचना) व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताचा जोर, कमी करावी, की प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक द्यावा?

ठेकेदार:
आधी प्लगइनच्या खिडकीतच मिक्सर आहे का, ते पाहावे. बहुतेक ड्रम प्लगइनमध्ये प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र फेडर असतो. निरनिराळे इक्यू (स्वरपट्ट्यांचे संतुलन) किंवा रिव्हर्ब (घुमारा) लावायचे असतील, तरच वेगळ्या ट्रॅकचा खटाटोप करावा. त्यासाठी प्लगइनमध्ये किक, स्नेअर व हाय-हॅट यांना वेगवेगळी आउटपुट नेमून द्यावीत आणि रीपरच्या एफएक्स (ट्रॅकवरील प्लगइन दाखवणाऱ्या) खिडकीतील ऑप्शन्स मेनूमधून मल्टिचॅनल राउटिंग तयार करून घ्यावे, म्हणजे प्रत्येक आउटपुटसाठी ट्रॅक आपोआप उभा राहतो.

व्हेलॉसिटी हा मात्र फेडरचा पर्याय नव्हे. १ ते १२७ या मापात ती आघाताचा जोर सांगते, आणि चांगल्या किटमध्ये हलक्या व जोरकस आघातांचे नमुने वेगवेगळे मुद्रित केलेले असल्यामुळे ११० ची नोट ६० वर आणली की आवाजाबरोबर नादाचा पोतही बदलतो. आपल्या बाबतीत हेच उपयोगाचे आहे, कारण जोरात वाजवलेला हाय-हॅट फेडरने कितीही दाबला, तरी तो जोरात वाजवलेलाच वाटतो आणि भावगीताला खटकतो. म्हणून आधी व्हेलॉसिटी उतरवावी व उरलेला हिशेब फेडरने पुरा करावा.

रामबागकर:
आभारी आहे. व्हेलॉसिटी उतरवल्याने बराच फरक पडला. परंतु पडताळणीसाठी हाय-हॅटचा फेडर पूर्ण खाली नेला, तरीही तो दुरून ऐकू येतोच. असे का होत असावे?

मंद्रसप्तक:
तो बहुधा ओव्हरहेडमधून, म्हणजे किटच्या डोक्यावर लावलेल्या मायक्रोफोनमधून, येत आहे. खऱ्या किटवर अनेक मायक्रोफोन लावून मुद्रित केलेल्या नमुन्यांत डोक्यावरच्या आणि खोलीतल्या मायक्रोफोनमध्ये सर्वच वाद्ये थोडीफार उतरलेली असतात, आणि हाय-हॅटचा फेडर केवळ त्याच्या जवळच्या मायक्रोफोनचा आवाज कमी करतो. काही प्लगइनमध्ये कोणत्या वाद्याचा किती अंश ओव्हरहेडमध्ये जावा, हे ठरवता येते. ती सोय असल्यास तिथेच कमी करावे. नसल्यास ओव्हरहेड थोडे उतरवावे, पण फार नको, कारण स्नेअरचा मोकळेपणा पुष्कळसा तिथूनच येतो.

एक सूचना. नोटांनुसार मिडी फोडून प्लगइनच्या अनेक प्रती लावण्याचा मोह झाला, तरी बंद हाय-हॅट (मिडी नोट ४२) आणि उघडा हाय-हॅट (मिडी नोट ४६) एकाच प्रतीत ठेवावेत. ते वेगळे केले, तर बंद हाय-हॅटने उघड्याचा नाद तुटत नाही आणि झांजेचा आवाज पुढच्या मात्रांवर रेंगाळत राहतो.