बाबांना बीपी आहे, शंखप्रक्षालन करू द्यावं का? आणि जलनेतीबद्दल पण विचारायचंय

रानजाई७
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत सकाळचा योगवर्ग सुरू झालाय, आईबाबा दोघंही जातात. तिथल्या सरांनी येत्या रविवारी सगळ्यांना शंखप्रक्षालन करायला लावायचं ठरवलंय, म्हणजे रिकाम्या पोटी कोमट मिठाचं पाणी पीत राहायचं, मधे मधे आसनं करायची आणि संडासला पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत थांबायचं नाही. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, मग हे कसं चालेल? सर म्हणतात ऋषीमुनींनी सांगितलंय, काही होत नाही. शिवाय मला सायनसचा त्रास आहे, पावसाळ्यात कपाळ ठणकतं, म्हणून जलनेती, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी सोडून दुसरीतून काढायचं, ती सुरू करायचीय. पाणी फिल्टरचं चालेल ना? मीठ किती घालू?

घाटवाट
बाबांना अजिबात करू देऊ नका, प्लीज. साधा हिशोब बघा, पाणी लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास मिठाचं ठेवतात, कारण तेवढं खारट पाणी शरीरात फारसं शोषलं न जाता आतड्यांतून पुढे सरकतं. पण थोडं तरी शोषलं जातंच, आणि जागतिक आरोग्य संघटनेने अख्ख्या दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, इथे तर लिटरच्या लिटर प्यायचंय! बीपी, हृदयविकार, किडनी, अल्सर, हर्निया, गरोदरपण यातलं काही असेल तर ही क्रिया नाहीच. धडधाकट माणसानेही जाणत्या शिक्षकासमोर करावी, ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षण अशा क्रमाने, आणि नंतर मूगडाळीची मऊ खिचडी भरपूर तूप घालून. खिचडी चुकवून चालत नाही, आणि पुढचे काही दिवस दूध, तिखट, तळलेलं बंद. सगळ्या सोसायटीला एकाच रविवारी बसवणं मला मुळातच पटत नाही.

निळंआभाळ
ऋषीमुनींचं नाव घेतलंय म्हणून लिहिते. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती ही षट्कर्मं, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रिया, सांगितल्या आहेत (शंखप्रक्षालन हा धौतीचाच प्रकार), आणि ती सांगायच्या आधीचाच श्लोक म्हणतो की ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्याने आधी षट्कर्मं करावीत, इतरांनी करू नयेत, कारण त्यांचे दोष समतोलच असतात. म्हणजे सगळ्यांनी करा असं मूळ ग्रंथच म्हणत नाही! तुमच्या सरांना हे जरूर दाखवा. आणि आपल्याकडे लोणावळ्याला कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था काढली तेच या गोष्टी तपासून बघायला, नौली म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवताना मोठ्या आतड्यात दाब कमी होतो हे त्यांनी मोजून दाखवलं. ही आपली परंपरा आहे, मोजणारी आणि तपासणारी, तिचं नाव घेऊन कुणाच्या तब्येतीशी खेळू नये असं मला मनापासून वाटतं.

तिसरी_पाळी
मी कान-नाक-घसा ओपीडीत नर्स आहे, नेतीबद्दल सांगते. फिल्टरचं पाणी थेट नको, एक मिनिट खळखळ उकळून कोमट केलेलंच घ्या. अमेरिकेत लुईझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करून दोघं दगावली, नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून थेट मेंदूत गेला. पाणी प्यायल्याने हा संसर्ग होत नाही, नाकातून गेलं तरच, आणि असं होणं फार दुर्मिळ आहे, पण पाणी उकळायला कितीसा वेळ लागतो? अर्धा लिटरला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमचा सपाट भरून थोडं कमी. नाक चरचरलं तर मीठ कमीजास्त झालंय असं समजा. तोंडाने श्वास घ्यायचा, मान तिरकी. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हळूहळू श्वास सोडत पाणी काढा, एक बाजू दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण चोंदलेलं असेल, कान दुखत असेल किंवा घोळणा फुटत असेल तेव्हा करू नका. आणि नेतीपात्र, म्हणजे नेतीचं तोटीचं भांडं, रोज धुऊन पूर्ण वाळवायचं.

रानजाई७
खूप धन्यवाद सगळ्यांना. तो श्लोक बाबांना वाचून दाखवला, रविवारी ते जाणार नाहीत, आई पण नाही म्हणाली. सरांशी उद्या बोलते, वर्गात अजून दोन काका बीपीवाले आहेत. तिसरी_पाळी, सूत्रनेतीचं काय? सर नाकातून रबरी नळी घालायला शिकवणार म्हणतात.

तिसरी_पाळी
आधी जलनेती नीट बसू दे. नाकाचं हाड वाकडं आहे का, आत पॉलिप म्हणजे मऊ मांसल गाठ आहे का हे दाखवून घ्या, त्याआधी नळी घालू नका.