मुलीला गोष्टीतलं किंवा नाटकातलं नाव ठेवायचंय, अर्थासकट सुचवा

फोंड्याचा_नवा_बाबा:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी नुकतीच मुलगी झालीय, बारशाची गडबड चाललीय आणि नावावर काही एकमत होत नाहीये. बायकोला एखाद्या गोष्टीतल्या नाहीतर सिनेमातल्या पात्राचं नाव हवंय, तिच्या यादीत लूना, मोआना आणि आर्या आहेत. आईचं म्हणणं शांतादुर्गा नाहीतर म्हाळसा, देवीच्या नावावरूनच काहीतरी असावं. मी देवळाच्या उत्सवातली नाटकं बघत मोठा झालो, त्यामुळे पात्राचं नाव ही कल्पना मला मनापासून आवडते, पण नाव कुठून आलं, अर्थ काय आणि त्या पात्राचं पुढे काय होतं हे सगळं माहीत असल्याशिवाय मी नाव ठेवणार नाही, जन्मभर तिच्याबरोबर राहणार ते. जाणकारांनी सांगा प्लीज.

म्हापशाची_टीचर:
दादा, आधी अभिनंदन! वहिनींच्या यादीपासून सुरू करते. मोआना म्हणजे समुद्र, पॉलिनेशियन भाषांमधला शब्द आहे, २०१६ च्या अ‍ॅनिमेशन सिनेमामुळे जगभर गेला. समुद्रकाठच्या मुलीला अर्थ शोभतो पण प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग सांगावं लागेल. लूना लॅटिन, अर्थ चंद्र. हॅरी पॉटरमधली लूना लोक हसले तरी स्वतःचंच खरं मानून चालणारी मुलगी आहे, माझं फार लाडकं पात्र. आपल्याकडच्या पोर्तुगीज शिकलेल्या आजोबांना ‘लुआ’ लगेच आठवेल, बाकीच्यांना मात्र मोपेड आठवेल, तेवढी तयारी ठेवा. आर्या तर आपलंच की! गेम ऑफ थ्रोन्समधली आर्या गाजली म्हणून ते परदेशी होत नाही. संस्कृतात श्रेष्ठ, कुलीन असा अर्थ, शिवाय आर्या हे वृत्त आहे, ‘आर्या मयूरपंतांची’ म्हणतात ते हेच. यादीतलं सगळ्यात भक्कम नाव मला हेच वाटतं.
आणि एक, पात्रावरून नाव ठेवणं हे नवीन फॅड आहे असं आईंना वाटत असेल तर त्यांना सांगा की गोव्यात आपण अशी नावं रोज घेतो. व्हॅनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टने एका कवितेसाठी स्वतः घडवलं, ओळखीच्या बाईच्या आडनावाचा पहिला भाग आणि तिच्या नावाचं लाडकं रूप जोडून. लॉर्ना हे १८६९ च्या एका इंग्रजी कादंबरीच्या नायिकेचं नाव, स्कॉटलंडमधल्या लॉर्न या जागेवरून घेतलेलं. आणि आपल्या लॉर्नाची कोंकणी गाणी कोणाला माहीत नाहीत! मिरांडा शेक्सपिअरच्या नाटकातली, लॅटिनमधून, कौतुक करावं अशी. फक्त आपल्याकडे ते आडनाव आहे त्यामुळे मुलीला सगळे आडनावानेच हाक मारताहेत असं वाटेल.

ऑर्गनवाला_म्हार्दोळ:
अहो फोंडेकर, उत्सवातली नाटकं बघून मोठे झालात आणि नाव इंग्लिश सिनेमातून कशाला?? आपल्या संगीत नाटकांत बघा की. संशयकल्लोळमधली रेवती घ्या, देवलांचं नाटक, १९१६ चं. मूळ कथा फ्रेंच, इंग्रजीतून आपल्याकडे आली पण देवलांनी पात्रांना नक्षत्रांची आणि महिन्यांची नावं दिली, कृत्तिका, रोहिणी, अश्विनशेठ, फाल्गुनराव, नोकराचं नाव तर भादव्या, म्हणजे एका नाटकात अख्खं पंचांग. रेवती हे सत्ताविसावं नक्षत्र, अर्थ संपन्न, बलरामाच्या बायकोचं नावही तेच, म्हणजे आईंनाही चालेल. जुनी मंडळी कदाचित म्हणतील की नाटकातली रेवती नायकिणीची मुलगी आहे. म्हणू देत. ज्या गोव्याचं संगीत कलावंतांच्या घराघरांतून वाढलं तिथे ही अडचण व्हायला नको, आणि ती स्वाभिमानी आहे, अश्विनशेठने उगाच संशय घेतला तर त्याला चांगलं सुनावते.
तसंच मृच्छकटिकातली वसंतसेना. उज्जयिनीची गणिका, पण चारुदत्ताचा लहान मुलगा मातीच्या गाडीवर रुसतो, त्याला सोन्याची हवी असते, तेव्हा ही आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते, नाटकाला नाव पडलं ते त्या गाडीवरून. इतकं उदार मन असलेलं पात्र मला दुसरं माहीत नाही. नाव लांब आहे हे कबूल.
मानापमानातली भामिनी पण छान.

रायबंदरचा_वाचक:
भामिनीबद्दल थोडं थांबा. कोशात सुंदर स्त्री हा अर्थ आहे तसा रागीट स्त्री हाही आहे, आणि खाडिलकरांनी तो बरोबर वापरलाय, श्रीमंतीच्या तोऱ्यात ती धैर्यधराचा अपमान करते. पुढे ती वनमाला हे नाव घेऊन वेषांतर करते, मला विचाराल तर वनमालाच ठेवा, रानफुलांची माळ, कृष्णाच्या गळ्यातली. एकच प्यालामधली सिंधू मात्र माझ्याच्याने होणार नाही, अर्थ नदी, समुद्र, नाव सुंदर, पण दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या संसारात ती बिचारी शेवटपर्यंत होरपळते. ज्यांनी ते नाटक पाहिलंय त्यांना हाक मारताना आठवणारच.
माझी पसंती कादंबरी. सातव्या शतकात बाणभट्टाने लिहिलेल्या कथेची नायिका, गंधर्वकन्या. त्याच्या हातून पुरी झाली नाही म्हणून मुलाने पूर्ण केली, आणि तिच्याच नावावरून मराठीत त्या अख्ख्या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हणतात. सरस्वती आणि कोकिळा असे अर्थ आहेत, कदंबाच्या फुलांचं मद्य हाही आहे तो लपवत नाही. आणि आपल्या गोव्याचे कदंब राजे! वाचणाऱ्या आईबापांना याहून मोठं नाव कुठलं? तिची मैत्रीण महाश्वेता, तेही नाव आहेच.

फोंड्याचा_नवा_बाबा:
कादंबरी बायकोला एकदम आवडलं पण माझा भाऊ म्हणतो शाळेत पोरं तिला कदंब बस (आपली गोव्याची सरकारी बस) म्हणतील 😟 रेवतीवर आईचा चेहरा खुलला, घरात देवीला प्रसाद लावून विचारायचं म्हणतेय. आता रेवती, आर्या, कादंबरी असे तीन उरलेत.

म्हापशाची_टीचर:
पोरं कशावरूनही चिडवतात दादा, साध्या नावांनाही सोडत नाहीत, त्या भीतीने कादंबरी सोडू नका.

सांकवाळकर:
नाव ठरेना म्हणून घाई करू नका. जन्माची नोंद वेळेत करा, नाव नंतर टाकता येतं, नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत फी लागत नाही, पुढे लेट फी. पंचायत किंवा नगरपालिका जिथे नोंद झाली तिथेच जायचं. मात्र नाव देताना रोमन स्पेलिंग दोघांनी बसून कागदावर लिहून घ्या, रेवतीला टी की टीएच, आर्याला सुरुवातीला एक ए की दोन, कारण दाखल्यावर येईल तेच पुढे आधारवर आणि पासपोर्टवर जातं, आणि नंतर बदलायचं म्हटलं की खेपा माराव्या लागतात.