रिपोर्ट बघूनच आत सोडायचं, हे तुम्हाला पटलं होतं का? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

कोरोनात प्रत्येक दारात काहीतरी दाखवावं लागायचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून हॉटेलं निम्म्या खुर्च्यांवर रात्री दहापर्यंत उघडली, तेव्हा लसीच्या दोन डोसांची अट कामगारांना होती, गिऱ्हाइकाला नाही. मॉलमध्ये मात्र आत येणाऱ्यालाही सर्टिफिकेट लागे. माझं मत स्पष्ट आहे: मास्क काढून बसतो तो जेवणारा, तेव्हा अट त्यालाही हवीच होती. घरात डायलिसिसवरचे वडील होते, म्हणून मी याबाबत ठाम आहे. तुम्हाला पटलं नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

केटरिंगवाला, जुळे सोलापूर
एप्रिल २०२१ च्या सुरुवातीच्या आदेशात लग्नाला पन्नास माणसं, आणि मंगल कार्यालयात राबणाऱ्यांना लस नाहीतर आरटीपीसीआर चाचणी निगेटिव्ह. लस तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढच्यांना. माझी वाढपी पोरं विशी-पंचविशीतली, म्हणजे रिपोर्टच काढायचा. खासगी लॅबचा ठरवून दिलेला दर पाचशे रुपये, पोराची दिवसाची मजुरी त्याहून कमी. सरकारी केंद्रात फुकट व्हायची, पण रिपोर्ट कधी येईल याचा भरवसा नाही. एकदा हळदीच्या आधी दिलेल्या स्वॅबचा मेसेज पंगती उठून भांडी घासून झाल्यावर आला. पाहुणे मात्र पुण्या-मुंबईहून थेट पंगतीला बसायचे, त्यांना कुणी हटकत नव्हतं. नियम चांगलाच होता हो, पण फक्त वाढणाऱ्याला का? पैसे मीच भरले, पोरांच्या मजुरीतून कापणं जिवावर आलं.

विजापूर रोडवरची आजी
लेक कर्नाटकात, इंडी तालुक्यात दिलीय. सीमेवर धुळखेडच्या नाक्यावर बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट मागायचे, दोन्ही डोस झाले तरी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती अट उठली. यांना फार राग यायचा. मला नाही आला. तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायचं तर नाकात काडी घालून घ्यायला काय हरकत?

लॅब टेक्निशियन
काडी नाकात वर नाही, टाळूला समांतर आत सरकवतात. मागे टेकली की हळूच फिरवायची, डोळ्यांतून पाणी येतं. तेवढ्यात लोक मान मागे ओढायचे आणि म्हणायचे, "नुसतं लावल्यासारखं करा की, कागदापुरतं." फार वाईट वाटायचं. अँटिजेन ही झटपट चाचणी अर्ध्या तासात उत्तर देते, पण लक्षणं नसलेले कितीतरी बाधित तिच्यातून निसटतात. दारावरच्या चाचणीने धोका कमी होतो, संपत नाही. हे कुणी नीट सांगितलंच नाही, त्यामुळे निगेटिव्ह कागद हातात पडला की मास्क खिशात जायचा.

माहेर अशोक चौक, सध्या जर्मनीत
इथे २३ ऑगस्ट २०२१ पासून हॉटेलात आत बसायचं तर लस, आजारातून बरं झाल्याचा दाखला किंवा चाचणी, तिन्हींपैकी एक. अँटिजेन चोवीस तास चाले. मोफत होती तोवर माझ्या आसपास कुणी कुरकुरलं नाही. ११ ऑक्टोबरला बहुतेकांना पैसे पडू लागले आणि सूर बदलला. १३ नोव्हेंबरपासून पुन्हा मोफत केली. केटरिंगवाले दादा म्हणतात ते मला इथेही दिसलं: पैसे कोण भरणार, तिथेच अडतं.

हॉटेलात गल्ल्यावर, पार्क चौकाजवळ
आपल्याकडे २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने गिऱ्हाइकालाही दोन डोस सक्तीचे झाले. पण दारात विचारणार कोण? आम्हीच. रोज भाकरी आणि शेंगाभाजी खाणारे एक काका, सर्टिफिकेट मुलाच्या मोबाइलवर, मुलगा पुण्यात. "मला ओळखत नाहीस का रे?" म्हणाले. ओळखत होतो, पण दंड मालकाला बसला असता. पार्सल बांधून दिलं. आठवडाभर आले नाहीत. मग मुलाने पाठवलेली प्रिंट लॅमिनेशन करून घेऊन आले, काही न बोलता गल्ल्यावर ठेवली आणि नेहमीच्या टेबलाकडे गेले.