मदत हवी आहे : मोटरहोम चालवताना मागची बॅटरी चार्ज होत नाही

गाडी आठ मीटरची, डिझेल. गाडीतल्या दिवे-फ्रिजसाठी १०० अँपिअर-अवरच्या दोन एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या मागच्या पलंगाखाली आहेत. चार-पाच तास गाडी चालवूनही त्या जेमतेम भरतात आणि रात्री दिवे पिवळट पडायला लागतात.

इंजिन चालू असताना पुढच्या (इंजिनच्या) बॅटरीवर १४.२ व्होल्ट, रिलेच्या (इंजिन चालू असताना पुढची-मागची बॅटरी जोडणारा स्विच) पलीकडे १३.९, पण मागे फक्त १२.७. फ्रिज १२ व्होल्टवरून बंद केला की मागे लगेच १३.४. फ्रिज त्याच वायरवर आहे, गोम तिथेच असावी.

टर्मिनल घासून झाले, फ्यूज बदलला, रिले ‘टक्’ करून लागतो. बाहेरच्या विजेवर चार्जर लावला की बॅटऱ्या व्यवस्थित भरतात, म्हणजे त्या गेलेल्या नाहीत. अर्थिंग मात्र तपासायचं राहिलंय. अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) साधा आहे, स्मार्ट म्हणजे स्वतःहून व्होल्टेज कमी-जास्त करणारा नाही. सोलर सुचवू नका, छताला भोकं पाडायची नाहीत.

रिलेपासून मागे सहा मीटर, ६ चौरस मिलिमीटरची वायर आहे. हीच काढून जाड टाकली तर काम भागेल, की डीसी-डीसी चार्जर (पुढून आलेलं व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी नीट भरणारा) बसवावाच लागेल? आणि जाड म्हणजे नेमकी किती, १६ की २५?